जुनी इंदूरमधला जुना ग्राइंडर: घ्यावा की राहू द्यावा?

गेल्या शनिवारी दुपारी आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर इंदूरहून एक व्हिडिओ आला. आपला एक सभासद मावशीकडे गेलाय, जुनी इंदूरला. तिथल्या जुन्या सामानाच्या दुकानात त्याला बेंच ग्राइंडर दिसला. आठ इंची, दोन्ही बाजूंना दगड बसवलेला, किंमत ३,५०० रुपये. खाली प्रश्न: "घेऊ का? १ जूनपासून बंदी आहे, बोट वर घेतली की घरच्या पडवीत वर्कशॉप करायचा विचार आहे."

उत्तरं धडाधड आली. निम्म्यांनी "घे घे" लिहिलं, दोघांनी अंगठा दाखवला आणि एकाने विचारलं, "माझ्यासाठी पण बघ." त्या माणसाने लगेच पैसे मोजले असते. पण मावशी आडवी आली. जुनी इंदूरमध्ये शनीचं मंदिर आहे, जुनं आणि नावाजलेलं. त्याच्या सावलीत राहणारी बाई शनिवारी लोखंड घरात येऊ देईल होय? "सोमवारी बघ काय ते," म्हणाली. आम्हाला यात शास्त्र माहीत नाही, पण त्या दीड दिवसात आम्ही फोनवर जे विचारलं आणि त्याने जाऊन जे बघितलं, ते सगळ्यांच्या कामाचं आहे म्हणून इथे लिहितोय. दर मे महिन्यात हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतोच.

आधी इंदूरबद्दल दोन शब्द, कारण काहींनी विचारलं की एवढ्या लांबून मशीन आणायचं कशाला. खान नदीच्या काठची जुनी इंदूर ही शहराची मूळ वस्ती. राजवाडा आणि होळकरांचा थाट नंतरचा. मराठी घरं तिथे अजून आहेत, त्यांची मराठी ऐकायला गोड आणि अर्धी हिंदी. हे शहर कापडगिरण्यांचं. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली, बाकीच्याही थंडावल्या. शेजारी पीथमपूरला कारखाने आहेत. जिथे गिरण्या आणि कारखाने, तिथे जुनी मशीनंही बाजारात फिरत असतात. सियागंजसारखा हार्डवेअरचा ठोक बाजारही तिथलाच. म्हणजे माल मिळतो हे खरं. पण कारखान्यातून आलेला माल घरात चालतोच असं नाही, आणि आपला सभासद नेमका तिथेच अडकला असता.

आम्ही त्याला पहिलं सांगितलं, मोटरीवरच्या पाटीचा फोटो पाठव. ती पाटी म्हणजे मशीनचा जन्मदाखला. फोटो आला. तेलकट होती, पण वाचता आली: ४१५ व्होल्ट, ३ फेज. झालं! आपल्या घरात २३० व्होल्टचं सिंगल फेज कनेक्शन. दुकानदार म्हणतो, "भिया, कंडेन्सर लगा लो, चल जायेगी." चालते हो, पण अशी जुगाडाने चालवलेली मोटर पूर्ण ताकद देत नाही, दाब दिला की मंदावते आणि तापते. त्या एका मशीनपायी घरात तीन फेजचं कनेक्शन घेणंही परवडणारं नाही. म्हणून जुना ग्राइंडर बघायला गेलात की दगड, रंग, वजन बाजूला ठेवा आणि आधी पाटी वाचा. व्होल्ट, फेज, हॉर्सपॉवर किंवा वॅट आणि मिनिटाला फेरे. पाटी उपटलेली असेल तर आम्ही तरी ते मशीन घेणार नाही.

त्याच दुकानात कोपऱ्यात दुसरा होता. सहा इंची, अर्धा हॉर्सपॉवर, सिंगल फेज, २८५० फेरे. किंमत १,८०० सांगितली. हा घरात चालणारा. मग खरी तपासणी इथून सुरू झाली.

वीज न लावता चाक हाताने फिरवायचं. मोकळं फिरलं पाहिजे, खरखर लागता कामा नये. दांडा वर-खाली आणि आत-बाहेर हलवून बघायचा. खुळखुळला तर बेरिंग गेलंय. बेरिंग जाणं हा काही मोठा रोग नाही, साधी बेरिंग कुठेही मिळतात, फक्त तो खर्च किमतीत धरायचा. मग वीज लावायची, पण समोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. बटण दाबल्यावर मोटर नुसती गुणगुणली आणि हाताने ढकलल्यावर फिरली तर कपॅसिटर किंवा आतला स्विच गेला असण्याची शक्यता जास्त. जळका वास आला तर वाइंडिंग. पूर्ण वेगात आल्यावर टेबल थरथरतंय का बघायचं. बंद केल्यावर चाक हळूहळू, बराच वेळ फिरत थांबलं पाहिजे. झटकन थांबलं तर आत काहीतरी घासतंय. आणि दहा मिनिटं चालू ठेवून मोटरीला हात लावून बघायचं. दुकानदार एक मिनिटात बंद करून "देखा?" म्हणतो, तेवढ्यावर जाऊ नका.

प्लग बघा. या मशीनला दोनच पिनांचा प्लग होता, तिसरी वायर कुणीतरी कापलेली. म्हणजे अर्थिंग नाही. आपली पडवी ओली, पाय ओले, हवेत खार. बिनअर्थिंगच्या लोखंडी मशीनला हात लावायचा म्हणजे जिवाशी खेळ. तीन पिनांचा प्लग, नीट अर्थिंग आणि त्या लाइनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, याशिवाय आपल्या घरात ग्राइंडर लावू नका. इलेक्ट्रिशियनकडून मेगर लावून घ्या. ५०० व्होल्टच्या मेगरवर १ मेगओहमपेक्षा कमी दाखवलं तर मोटर चालू करायची नाही, आधी सुकवायची किंवा दाखवायची. खाऱ्या हवेत पावसाळाभर पडून राहिलेल्या मोटरीला हे दर वर्षी करायला हवं, नवी असली तरी.

आता मुख्य गोष्ट. व्हिडिओत त्याने कौतुकाने दाखवलं होतं की एक दगड "जवळजवळ नवा" आहे. मंडळी, जुन्या ग्राइंडरवर आलेल्या दगडाची किंमत आमच्या हिशोबात शून्य. त्याचं कारण नीट समजून घ्या.

सहा इंची दगड, मिनिटाला २८५० फेरे. कडेचा वेग काढला तर सेकंदाला २२ मीटरच्या आसपास येतो, म्हणजे ताशी ८० किलोमीटर. आठ इंचीचा सेकंदाला ३० मीटर, ताशी १०७ किलोमीटर. या वेगात दगडाचा प्रत्येक कण बाहेर फेकला जायला बघतो, फक्त दगडाच्या आतल्या पकडीने तो धरून ठेवलेला असतो. हे दगड भट्टीत भाजलेले असतात, मातीच्या भांड्यासारखे. कडक पण ठिसूळ. पडला, आपटला, कुणी पाण्यात भिजवून ठेवला, तर आत बारीक तडा जातो आणि तो बाहेरून दिसत नाही. तडा गेलेला दगड कधी पहिल्याच मिनिटाला फुटतो, कधी महिन्याने दाब पडला की. आमच्या ओळखीतल्या एका घरी असा फुटला होता. एक तुकडा पत्र्याच्या छपरातून आरपार गेला. चालवणारा बाजूला उभा होता म्हणून वाचला, आणि तो बाजूला का उभा होता तर बिडी पेटवायला वळला होता. त्या पत्र्याचं भोक अजून तसंच आहे.

तडा ओळखायची रीत आहे आणि ती तुम्हाला आधीपासून येते. उन्हाळ्यात माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो ना? चांगला माठ खणखणतो, तडकलेला बद्द वाजतो. दगडाचंही तेच. मशीनवरून काढायचा, कोरडा करायचा, भोकात बोट किंवा काठी घालून लोंबता धरायचा आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकायचं. कडेपासून एक-दोन इंच आत, सरळ खाली किंवा सरळ वर नको, तिरक्या जागी. मग दगड थोडा फिरवून परत. घंटेसारखा स्वच्छ आवाज आला तर ठीक. बद्द आला तर तो दगड फोडून टाका, म्हणजे मागाहून कुणी उचलून बसवणार नाही. तेल प्यायलेला किंवा ओला दगड नीट वाजत नाही, त्याचा निकाल लागत नाही, म्हणून तोही बादच. आणि खणखणला म्हणजे तो आयुष्यभर चांगला, असंही नाही. बसवताना दर वेळी हे करायचं.

आपल्या सभासदाने दुकानात दोन्ही दगड काढून वाजवले. काढताना गंमत झाली. उजव्या बाजूचा नट सुटला, डाव्या बाजूचा सुटेना. दुकानातला पोरगा पाना लावून लोंबकळला. समोर उभं राहिलं की ग्राइंडरच्या डाव्या टोकाला उलटे आटे असतात, म्हणजे फिरता फिरता नट आपोआप सैल होऊ नये. फोनवर सांगितल्यावर उलटा फिरवला आणि सुटला. वाजवल्यावर तो जीर्ण दिसणारा दगड खणखणला. "जवळजवळ नवा" मात्र बद्द वाजला. नव्यासारखा का होता तर बहुधा बसवल्यापासून कुणी वापरलाच नव्हता. दुकानदार म्हणाला, "आवाज से क्या होता है." त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं, छपराचं भोक होतं.

नवा दगड घेताना त्यावरचा कागद वाचा, तो फाडू नका. ए ६० के व्ही असं काहीतरी छापलेलं असतं. ए म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइड, पोलादाला धार लावायचा. ६० म्हणजे दाणा. ३६ जाड, ८० बारीक. के म्हणजे दगड किती घट्ट बांधलेला आहे. व्ही म्हणजे भट्टीत भाजलेला. शिवाय जास्तीत जास्त किती फेरे चालतील ते लिहिलेलं असतं, आणि ते मोटरीच्या पाटीवरच्या फेऱ्यांपेक्षा जास्तच असायला हवं. दगडाच्या दोन्ही बाजूंचे कागदी गोल हे पॅकिंग आहे, पट्टी आणि दगड यांच्यात दाब सारखा पडावा म्हणून. भोक मोठं असेल तर बरोबर मापाचा बुश घाला. कागद गुंडाळून बसवायचा नाही, आणि भोक लहान असेल तर कोरून मोठं करायचं नाही. सहा इंची मशीनला गार्ड काढून आठ इंची दगड लावणारे महाभाग आम्ही बघितलेत, त्यांच्याबद्दल काय बोलावं.

गार्ड, टेकण आणि काच या तिन्ही गोष्टी जुन्या मशीनवर बहुतेक वेळा गायब असतात. इंदूरच्या मशीनला गार्ड होते, एका बाजूचं टेकण नव्हतं. टेकण आणि दगड यांच्यात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको, नाहीतर कोयता किंवा ड्रिल आत खेचलं जातं आणि बोटंही त्याच्या मागून जातात. वरच्या जिभेची फट ६ मिलिमीटरच्या आत. दगड झिजत जातो तशा या दोन्ही पुढे सरकवायच्या. हे कुणी करत नाही, खरं सांगायचं तर आम्हीही विसरतो. डोळ्याला चष्मा लागतोच, काच असली तरी. हातमोजे मात्र घालू नका, कापड चाकात गुंतलं की हात घेऊन जातं. लुंगीचा सोगा, गळ्यातला गमछा, बायकांच्या ओढण्या, सगळं लांब.

आता आपल्या धंद्याचं काय काय त्यावर चालतं? छिन्नी, ड्रिल, कोयता, जाड सुरी, बोल्टाचं तोंड साफ करणं, हे चालतं. धार लावताना शेजारी पाण्याचा मग ठेवा आणि सारखं बुडवत राहा. सुरीची कड निळी पडली की पोलादाचा कस गेला, मग ती कितीही घासा, दोन पापलेटांत बोथट होणार. बारीक मासळीच्या सुऱ्यांना तर आम्ही ग्राइंडर लावतच नाही. घरातला निसणा बरा. पूर्वी सायकलच्या चाकावर साण फिरवत शिकलगार यायचे, ते हळूहळू आणि गार धार लावायचे, त्यात अक्कल होती.

बोटीचा पंखा पितळी किंवा ब्राँझचा, तो या दगडावर धरायचा नाही. अॅल्युमिनियम, तांबं, जाळ्याचं शिसं, काहीच नाही. मऊ धातू दगडाच्या छिद्रांत भरतो, दगड कापायचा बंद होतो, तापतो, आणि तापलेला दगड फुटतो. शिशाची धूळ तर घरात पोरंबाळं असताना नकोच. गॅल्वनाइज केलेली साखळी, शॅकल किंवा नांगर घासला की वरचा जस्ताचा थर जातो आणि खाऱ्या पाण्यात तिथूनच गंज धरतो. स्टेनलेसचं काम असेल तर त्याला वेगळा दगड ठेवा; साध्या लोखंडावर वापरलेल्या दगडाने स्टेनलेस घासलं तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि मग लोक विचारतात, "स्टेनलेसला गंज कसा आला?" दगडाच्या सपाट बाजूवर काही दाबायचं नाही, फक्त कडेवर.

जागेचा विचार सगळ्यात शेवटी होतो आणि तो आधी व्हायला हवा. ठिणग्या चार-पाच हात सहज उडतात. आपल्या पडवीत काय असतं? नायलॉनची जाळी, थर्माकोलचे तुकडे, डिझेलचा कॅन, फायबरचं रेझीन आणि त्याचा हार्डनर. एक ठिणगी जाळ्यावर पडली तर भोक पडतं, ते परवडलं. हार्डनरजवळ पडली तर घर जातं. ग्राइंडर भिंतीकडे तोंड करून, जड बाकावर बोल्टने कसून, कोपराच्या उंचीला लावा. नुसता ठेवलेला ग्राइंडर थरथरत चालायला लागतो. आणि दगडाच्या रेषेत, समोर किंवा मागे, कुणाची बसायची जागा नको.

जाता जाता हँड ग्राइंडरच्या कटिंग डिस्कबद्दल. त्या रेझीनने बांधलेल्या असतात, त्यांना वाजवून काही कळत नाही. मधल्या लोखंडी कडीवर मुदत छापलेली असते ती बघा. बोटीच्या केबिनमध्ये दोन पावसाळे काढलेली डिस्क मुदतीत असली तरी आम्ही टाकून देतो.

परत इंदूरला येऊ. रविवारी रात्री हिशोब केला. दुकानदार दगडांशिवाय १,४०० वर आला. दोन नवे दगड अंदाजे ७००. बेरिंग थोडं बोलत होतं, ते आणि मजुरी ५००. नवी वायर, प्लग, टेकण करून घेणं २००. इंदूरहून गावापर्यंत आणायचा खर्च ३००. एकूण ३,१००. आपल्या तालुक्याच्या दुकानात नव्या सहा इंचीचा भाव त्याच्या भावाने विचारून ठेवला होता: ४,२००, दोन्ही दगड, दोन्ही टेकणं आणि एक वर्षाची वॉरंटी धरून. ११०० रुपये वाचत होते. दुरुस्ती स्वतः करणाऱ्याला, बेरिंग हाताने बदलता येतं त्याला, हे ११०० खरे आहेत आणि त्याने जरूर घ्यावा. जुन्या मशीनचं बिडाचं अंग दणकट असतं, तेही खरं. पण आपल्या सभासदाला बेरिंग बदलता येत नाही, बंदीच्या दोन महिन्यांत मशीन रिपेअरला पडलं तर बोटीचं काम अडणार, आणि ३१ जुलैच्या आत बोट तयार हवी. आमचं मत आम्ही दिलं: सगळा खर्च धरून नव्याच्या निम्म्यापर्यंत येत असेल तर जुना बघ, तीन चतुर्थांशावर गेला तर नवा घे.

काही जणांना हे पटलं नाही. ग्रुपवर एकाने लिहिलं की त्याचा सेकंड हँड ग्राइंडर बारा वर्षं चालतोय. चालत असेल. आम्ही त्याला दगड वाजवून व्हिडिओ टाकायला सांगितलंय, अजून आलेला नाही.

सोमवारी तो माणूस इंदूरहून निघाला. ग्राइंडर आणला नाही, शेव दोन किलो आणली. नवा सहा इंची येत्या शुक्रवारी त्याच्या पडवीत बसेल. रविवारी दुपारी ४ वाजता सोसायटीच्या शेडमध्ये दगड कसा काढायचा, कसा वाजवायचा आणि टेकण कसं लावायचं ते करून दाखवू. ज्यांच्याकडे जुने ग्राइंडर आहेत त्यांनी दगड काढून घेऊन या. काढताना डाव्या बाजूचे आटे उलटे आहेत हे लक्षात ठेवा, मागच्या वर्षी एकाने पाना मोडला होता.